एका दमात सतराचा पाढा

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात शेवटचा एक रकाना आहे, 'शेरा'. बोटभर रुंदीचा. त्यात 'ठीक', 'खोकला कमी', 'शुक्रवारी पुन्हा' एवढंच मावतं. बाकीचं जे घडतं ते कुठं लिहायचं? ते माझ्या डोक्यात साठत जातं. घरी सांगायला जावं तर नवरा म्हणतो, "जेवताना कफाच्या गोष्टी नकोत गं!" म्हणून चार मैत्रिणी जमल्या, चहा ठेवला, की माझी टाकी फुटते.

मी फिजिओथेरपिस्ट, पण छातीची. आमच्या गावात फिजिओ म्हणजे गुडघे, हा समज पक्का. नवीन माणूस आत येतो, चप्पल काढतो आणि न विचारता पँट वर सरकवतो. "काका, गुडघा नाही, छाती!" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन, देव जाणे.

किस्से दुष्काळाच्या त्या वर्षांतले आहेत. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. जालना रोडला पूल चढत होते, शेंद्र्याकडे कंपन्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, आणि गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात नळ आला की लोक सणासारखे हसायचे. त्या वेळी माझ्याकडे सिस्टिक फायब्रोसिसचे तीन पेशंट होते. हा जन्मापासूनचा आजार. छातीतला कफ गोंदासारखा चिकट, निघता निघत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही. घामावाटे मीठ भसाभस जातं. तो कफ काढायला शिकवणं हे माझं एक काम, आणि श्वास ओढणाऱ्या स्नायूंना तालीम देणं हे दुसरं.

तालमीचं यंत्र मुठीत मावेल एवढं. प्लास्टिकची नळी, आत स्प्रिंग. नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायची आणि जोर लावून हवा आत ओढायची. जोर कमी पडला तर आतली झडप उघडतच नाही. बाजूच्या डायलवर आकडे असतात, आकडा वाढवला की स्प्रिंग घट्ट. सकाळी तीस श्वास, संध्याकाळी तीस. छातीच्या जोर-बैठका म्हणा ना!

आणि एक नियम. या आजाराच्या दोन पेशंटांनी एकमेकांना भेटायचं नाही. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याच्या छातीत गेले तर फार महागात पडतं. तुम्हाआम्हाला त्या जंतूंचं काही होत नाही, त्यांना होतं. म्हणून मंगळवार वैजापूरकर सरांचा, बुधवार लासूर स्टेशनच्या सोहेलचा, शुक्रवार करमाडच्या प्रतीक्षाचा. मधल्या वेळात मी खिडक्या उघड्या टाकून खुर्च्या पुसत बसायची. तिघं एकमेकांना नावानिशी ओळखायचे, एकमेकांची चौकशी करायचे, आणि तिघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. निरोप्या मी!

०

प्रतीक्षाचा आजार सापडला तो तिच्या आत्यामुळं. आत्या माहेरपणाला करमाडला आली, भाचीचा मुका घेतला आणि म्हणाली, "अगं वहिनी, ही पोरगी खारट लागतीय!" घरात हसाहशी झाली. आत्या मात्र हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा मुका घेतला, जिभेनं चव घेतली आणि भावाला म्हणाली, "उठ. डॉक्टरकडं चल."

खोकला, जुलाब, वजन न वाढणं, सगळं आधीपासून होतंच, पण कुणी एका जागी जोडलं नव्हतं. आमच्या छातीच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि घामाची तपासणी सांगितली. त्यासाठी पुण्याला जायचं होतं. प्रतीक्षाचे पप्पा संतोष, शेंद्र्याच्या कंपनीत कामाला आणि सुट्टीच्या दिवशी शेतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, घाम काढायला पुण्याला कशाला? मे महिना हाय. करमाडच्या बसमध्ये बसवा, बादलीभर काढून देतो!"

डॉक्टर तेव्हा हसले, पण नंतर मला म्हणाले, "त्या आत्याला एकदा बोलवा. मला तिचे आभार मानायचेत." आत्या आली, आणि दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

०

वैजापूरकर सर शाळेत गणित शिकवायचे. लहानपणापासून खोकला. दोनदा टीबीची औषधं खाऊन झाली होती, टीबी नसताना. खरं नाव कळलं तेव्हा वय पस्तिशीच्या घरात. कुणीही रडलं असतं. सरांनी रिपोर्ट खिशातल्या लाल पेनानं तपासला, वयात एक वर्ष चुकलं होतं ते दुरुस्त केलं आणि म्हणाले, "चला, उदाहरण तरी बरोबर मांडलं गेलं. आता सोडवू."

पहिल्या दिवशी मी नळी दिली. चिमटा लावला. सरांनी ओढलं. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा टरारल्या, हवा काही आत येईना. नळी काढून म्हणाले, "मॅडम, बिघडलंय."

"नाही सर, ते असंच असतं."

"म्हणजे मुद्दाम अवघड केलंय?"

"हो."

"जमायला लागलं की आणखी अवघड करणार?"

"दर आठवड्याला."

सरांनी नळीकडं नव्या आदरानं पाहिलं. "मग हा माणूस माझ्याच खात्यातला आहे," म्हणाले, आणि तीसच्या तीस श्वास पूर्ण करूनच उठले.

डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन बजावलं होतं. सरांचं फुप्फुस बरंच खराब झालंय. ते परत नवं होणार नाही. पण श्वासाचे स्नायू दमदार राहिले तर पुढचं मोठं इन्फेक्शन ते निभावून नेतील. नाहीतर घशात नळी घालून मशीनवर जातील, आणि एकदा तसे गेले की परत येणं कठीण. हे सरांच्या बायकोलाही, सुनीतावहिनींनाही, सांगितलेलं होतं. सरांना सांगायची गरज पडली नाही. हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला होता.

०

आमच्याकडं एक साधी तपासणी असते. पोटभर श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत मोठ्यानं मोजायचं, एक, दोन, तीन, चार. कितीपर्यंत जाता ते लिहून ठेवायचं. सरांना हे पसंत पडलं नाही. "नुसतं एक-दोन काय मॅडम! बालवाडी आहे का? मी पाढा म्हणतो. एका दमात जेवढा होईल तेवढा."

तेव्हापासून आमच्याकडं मोजणं बंद आणि पाढे सुरू. भिंतीवर फळा लावला. एका बाजूला 'सर', दुसऱ्या बाजूला 'प्रतीक्षा'. सोहेल म्हणाला, "मेरेकू छोड दो मॅडम, मैं सात के पहाडे में स्कूल छोडा." त्याला मोजायची सूट दिली.

प्रतीक्षा तेव्हा नऊ वर्षांची, काडीसारखी. पहिल्या शुक्रवारी 'बे एके बे' सुरू केलं आणि 'बे पंचे दहा'ला दम संपला. डोळे भरून आले. पण फळ्याकडं बोट करून तिनं विचारलं, "हे सर कुठवर गेले?"

"नऊच्या पाढ्याला, नवापाशी अडकले."

"लई म्हातारे हायेत का?"

"नाही गं. तुझ्या पप्पांएवढे."

तिनं नाक पुसलं. "मग हरवते."

झालं! पुढची तीन वर्षं माझं आयुष्य निरोप पोचवण्यात गेलं. मंगळवारी सर विचारणार, "करमाडची कुठवर?" शुक्रवारी ती विचारणार, "सर कुठवर?" लांब पाढ्याचे आकडेही लांब, त्यामुळं दम जास्त लागतो हे सरांनी तिला माझ्यामार्फत समजावलं. तीसचा पाढा सोपा, सतराचा दमछाक करणारा. म्हणून सतरा हा दोघांचा शेवटचा गड ठरला. ज्या दिवशी प्रतीक्षानं 'बे दाहे वीस' एका दमात गाठलं, त्या दिवशी मी सगळ्यांना पेढे वाटले. खालच्या किराणावाल्याला कशाचे पेढे ते सांगितलं, तर तो म्हणाला, "बे चा पाढा आला म्हणून? अहो, मग माझ्या पोरानं काय पाप केलंय?"

०

सोहेल लासूर स्टेशनला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. बुधवारी पॅसेंजरनं यायचा आणि वेळ वाचवायला संध्याकाळचे तीस श्वास परतीच्या गाडीतच उरकायचा. दाराजवळ उभा, नाकाला चिमटा, तोंडात नळी.

एकदा समोर एक म्हातारे चाचा बसले होते. पंधरा श्वास होईपर्यंत त्यांनी बघितलं. मग राहवेना. "बेटा, कौनसा हुक्का है ये?"

सोहेल तोंडातली नळी काढू शकत नव्हता, मोजणी चुकली असती. त्यानं नुसती मान हलवली. चाचा आणखी जवळ सरकले. नळीत डोकावले, वास घेतला, आणि काळजीनं म्हणाले, "इत्ता जोर लगाके भी धुआँ नै आरा? फेक दे रे बेटा, तेरेकू फसाए दुकानवाले!"

सोहेल इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि दोन दिवस अडलेला कफ सुटला. बुधवारी येऊन मला म्हणतो, "मॅडम, तुम्हारे तीस साँस एक तरफ, चाचा एक तरफ!"

०

प्रतीक्षाचे पप्पा जुने कबड्डीवाले. तालुक्यात त्यांचा दम गाजलेला. एका शुक्रवारी प्रतीक्षा रुसली होती. आठवडाभर ताप होता, अंगात त्राण नव्हतं, नळी तोंडात घेईना. "लई जड जातंय," एवढंच म्हणायची. पप्पांचा आवाज चढला. "एवढीशी नळी ती! त्यात काय जड? आमच्या वक्ताला आम्ही एका दमात अख्खं मैदान फिरून यायचो!"

मला आला राग. मी कपाटातून नवी कोरी नळी काढली, डायल प्रतीक्षाच्या आकड्यावर ठेवली आणि त्यांच्या नाकाला चिमटा लावला. "घ्या. तीस."

दहापर्यंत मिशीत हसू होतं. बाराला ते गेलं. सोळाला त्यांनी खुर्चीचा हात धरला. एकोणिसाव्याला नळी तोंडातून काढली आणि कपाळ पुसत खाली बसले. ताज्या दमाचा, पोती उचलणारा माणूस!

प्रतीक्षानं सगळं पाहिलं. मग माझ्या आवाजात, अगदी माझ्यासारखी मान वाकडी करून म्हणाली, "पप्पा, मधे तोंड सोडायचं नाय. आता पहिल्यापासून!"

पप्पा हसले नाहीत. तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "रोज साठ येळा हे करती व्हय तू?" पुन्हा त्यांनी तिच्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. ती नळी ते घरी घेऊन गेले. रोज सकाळी बापलेक ओट्यावर समोरासमोर बसून तीस श्वास करायचे.

०

पाण्याचा किस्सा सांगायचा तर तो किस्साही नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही यंत्रं रोज धुवावी लागतात, उकळलेल्या पाण्यात. प्रतीक्षाचं औषधाच्या वाफेचं मशीनही. करमाडला त्या उन्हाळ्यात टँकर यायचा आणि पाइप पडायच्या आत हंड्यांची झुंबड. सख्ख्या जावा एकमेकींशी भांडायच्या. पण प्रतीक्षाची आई कळशी घेऊन आली की कुणीतरी ओरडायचं, "सरका गं, पोरीच्या श्वासाचं पाणी हाय!" आणि वाट व्हायची. दोन वर्षं एकाही दिवशी ती कळशी रिकामी परत गेली नाही.

हे मला त्या आईनं सांगितलं तेव्हा मी रजिस्टर उघडलं होतं. शेऱ्यात काय लिहिणार? 'ठीक' असं लिहिलं आणि तोंड धुवायला गेले. आमच्या नळाला तेव्हा पाणी नव्हतं.

०

आता ती गंमत, जिच्यामुळं माझी नोकरी गेली असती. दवाखाना माझाच होता म्हणून वाचली.

पुलाच्या कामामुळं एका मंगळवारी रस्ता तुंबला आणि सर दोन तास उशिरा आले. त्याच दिवशी संतोषना शुक्रवारची सुट्टी मिळत नव्हती म्हणून ते प्रतीक्षाला घेऊन न सांगता आले. सर आतल्या खोलीत नळी तोंडात धरून बसलेले, आणि जिन्यात प्रतीक्षाचा आवाज! "मॅडम, आलो आम्हीऽ!"

माझं डोकंच चालेना. सरांना दंडाला धरलं, गॅलरीत ढकललं आणि दार लावलं. मग प्रतीक्षा आणि पप्पांना बाहेरच्या खोलीतच बसवलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तिची तपासणी तिथंच सुरू केली. गॅलरीत ऊन मी म्हणत होतं. सर बिचारे माझ्या वाळत घातलेल्या चादरीच्या सावलीत उभे.

प्रतीक्षा त्या वेळी तेराच्या पाढ्यावर होती. पोटभर श्वास घेतला आणि खणखणीत सुरू झाली. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस... तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते ब्याण्णव...

ठक ठक ठक!

गॅलरीच्या दारावर. प्रतीक्षा थांबली. "मॅडम, कोण हाय?"

"कबुतर आहे गं. म्हण तू."

तिनं पुन्हा श्वास घेतला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा 'तेरा साते ब्याण्णव'. पुन्हा ठक ठक ठक, या वेळी जरा चिडून.

प्रतीक्षानं दाराकडं पाहिलं. ओठ हलवत मनात हिशेब केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "तेरा साते एक्क्याण्णव," आणि थांबून कान दिला. दारावर काही नाही.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुमच्या कबुतराला पाढे येत्यात?"

मी त्यांना घाईघाईनं वाटेला लावलं आणि गॅलरीचं दार उघडलं. सर घामानं निथळत होते. खिशातलं मिठाचं पाकीट काढून पाण्यात घालता घालता म्हणाले, "पोरगी हुशार आहे. आवाजात दम आलाय. पण चुकीचं ऐकून घ्यायची मला सवय नाही हो." मला हसावं की सरांची माफी मागावी कळेना. मी दोन्ही केलं.

०

आणि आता हा शेवटचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात धूळ फार होती. रस्ते खोदलेले, पाऊस नाही. सरांना ताप आला आणि दोन दिवसांत ते हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, तोंडाला मास्क लावून मशीनवर. मास्क अजून काढता-घालता येत होता, घशात नळी घातलेली नव्हती. औषधं लागू पडली, ताप उतरला. पण सर स्वतः जोर लावेनात. मास्क काढला की भिंतीकडं तोंड. मी रोज जायची. "सर, एकदा मोठ्यानं बोला. बे चा पाढा म्हणा." ते हातानं 'नको' म्हणायचे. आठ दिवसांत तोंडातून शब्द नाही.

डॉक्टर म्हणाले, "आता फुप्फुसापेक्षा मला यांच्या मनाची भीती वाटते. असेच पडून राहिले तर स्नायू आणखी ढिले पडतील आणि नळी घालावी लागेल. मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही." सुनीतावहिनी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांनी मला विचारलं, "हे गणित सोडून दिलं का हो यांनी?" मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

शुक्रवारी प्रतीक्षा आली. आता ती बारा वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी तिनं सतराचा पाढा एका दमात सर केला होता, एकही चूक नाही, आणि त्यानंतर दर शुक्रवारी न चुकता म्हणून दाखवत होती. सर सतरा पंचेच्या पुढं कधी गेले नव्हते. तिनं फळा पाहिला. सरांच्या बाजूला दोन मंगळवार कोरे.

"सर का येईनात?"

मी सांगितलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही. कुठलं हॉस्पिटल ते विचारलं, तेही सांगितलं. तिसरा मजला, मागच्या अंगणाच्या बाजूची खिडकी. का सांगितलं, आजही माहीत नाही. तिनं नळी तोंडात घेतली आणि तीस श्वास केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी सरांच्या खोलीत होते. मास्क नुकताच काढलेला, सर भिंतीकडं वळलेले. खाली अंगणात टँकर उभा होता, पाणी चढवायची मोटर घरघरत होती. अचानक मोटर बंद झाली. आणि खालून आवाज आला, "सऽऽर! मी करमाडची प्रतीक्षा!"

वहिनींनी खिडकी उघडली. खाली कडुलिंबाशेजारी संतोषची मोटरसायकल, तिच्यावर उभी राहिलेली प्रतीक्षा, आणि बापानं तिचे दोन्ही पाय धरलेले. टँकरवाला हाताची घडी घालून बाजूला उभा. तिच्याचसाठी त्यानं मोटर थांबवली होती. मी घाबरून अंतर मोजलं. तीन मजले, मोकळी हवा. नियम मोडला नव्हता.

तिनं छाती भरून श्वास घेतला. मला इतक्या उंचावरून तिचे खांदे दिसले; वर गेले नाहीत, मी शिकवलं होतं तसं पोट फुगलं. आणि सुरू झाली.

"सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एक्कावन्न!"

सरांनी मान वळवली नाही. पण त्यांचं बोट चादरीवर हलायला लागलं. एकेका ओळीला एक ठोका.

"सतरा चोक अडुसष्ट! सतरा पंचे पंच्याऐंशी! सतरा सक एकशे दोन! सतरा साते एकशे एकोणीस! सतरा आठे एकशे सदतीस!"

बोट थांबलं.

खाली प्रतीक्षा पण थांबली. वहिनींचा हात खिडकीच्या गजावर.

सर कोपरावर उठले. आठ दिवस पडलेला माणूस! श्वास आत ओढला, त्याचा आवाज मला ऐकू आला, आणि खिडकीकडं तोंड करून ओरडले, "छत्तीऽऽस! एकशे छत्तीस! पुन्हा पहिल्यापासून म्हण!"

मग उशीवर पडले, धापा टाकत, आणि मला म्हणाले, "मॅडम, ती नळी आणा. ही पोरगी पाढा बिघडवायला निघालीय."

नळी लागली नाही. मी म्हणतेय ती घशातली. पाच आठवड्यांनी, मंगळवारी, सर काठी टेकत दवाखान्याचा जिना चढून आले. बसायच्या आधीच निरोप दिला, "तिला सांगा, सतरा आठे शंभर वेळा लिहून आणायचं."

मी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी वही घेऊन आली. वहीही इकडून तिकडं द्यायची नाही हा माझाच नियम, म्हणून मी मोबाइलवर पानांचे फोटो काढले आणि मंगळवारी सरांपुढं धरले. सरांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ मोजली. सतरा आठे एकशे छत्तीस. सतरा आठे एकशे छत्तीस. शंभर झाल्या. खाली आणखी एक ओळ होती, एकशे एकावी.

'सतरा आठे एकशे सदतीस.'

सर खुर्चीतून उठले. पोटभर श्वास घेतला आणि ओरडले, "छत्तीऽऽऽस!" खालचा किराणावाला तराजू तसाच हातात धरून रस्त्यावर आला आणि वर बघायला लागला.

सरांनी मोबाइल मला परत दिला. मग त्यांची नजर फळ्यावर गेली. प्रतीक्षाच्या बाजूला सतरापुढं बरोबरची खूण होती, जुनी, खडू थोडा पुसट झालेला. सर फळ्याजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "ही पोरगी नेमकी आठलाच कशी हो चुकते?"

"कच्ची आहे, सर," मी म्हटलं. "दर मंगळवारी ओरडावं लागेल."